वाफ्यातली आंघोळ

अश्विनीचा पाय मोडला त्याच क्षणी न्हाणीचा पाईपही मोडला. परसातल्या मांडवावर पावट्याचा वेल सुतळीनं बांधायला ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढली होती. ओल्या मातीत स्टूल कलंडलं, तिचा पाय घोट्यात मुरगाळला आणि ती पडली ती नेमकी न्हाणीचं पाणी बागेत आणणाऱ्या पाईपवर. पारनेरच्या डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं, आणि संक्रांत होईपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही असं बजावून सांगितलं. पाईपला मात्र कोणी प्लास्टर घातलं नाही.

घर राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या एका वाडीतलं. घरात अश्विनी, तिचा नवरा योगेश, सासू भागिरथीबाई आणि दोन मुलं. मोठी राजनंदिनी दुसरीत होती, तिला सगळे नंदूच म्हणायचे. धाकटा समर्थ अंगणवाडीत जायचा. योगेश गावातल्या दूध केंद्रावर कामाला होता आणि शेताचा सगळा कारभार भागिरथीबाईंच्या हातात होता.

अश्विनी नगरच्या केडगावात वाढलेली. वडिलांचं शिलाईचं दुकान, त्याच्या वर दोन खोल्या, आणि गॅलरीत एक तुळस न् एक कोरफड, एवढीच तिची झाडांशी ओळख. पण लग्न होऊन वाडीत आल्यावर तिला मातीची गोडी लागली. मुलं जरा हाताखाली यायला लागली तशी यंदाच्या आषाढात तिनं सासूला विचारलं, न्हाणीमागच्या मोकळ्या जागेत भाजीपाला लावू का? ती जागा म्हणजे नुसते दगड आणि घाणेरीची झुडपं. भागिरथीबाईंनी तिच्याकडे बघितलं, जागेकडे बघितलं, आणि तिथं काही यायचं नाही पण कर, असं म्हणून त्या शेतात निघून गेल्या.

पावसाळाभर अश्विनी आणि मुलं दगड वेचत होती. वेचलेल्या दगडांचे तिनं वाफ्यांना बांध घातले. कोंबड्या आणि शेळ्या आत येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी जुन्या साड्या ताणून बांधल्या. त्यात भागिरथीबाईंचं विरलेलं अंजिरी लुगडं होतं, अश्विनीची डोहाळजेवणाची हिरवी साडी होती, शेजारच्या मुक्ताबाईंनी दिलेली एक जांभळी होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी धुणं वाळत घालून काढायचं विसरलंय. न्हाणीचं पाणी आजवर गल्लीत वाहून जायचं. योगेशनं पाईप टाकून ते बागेत वळवून दिलं, साबणाचं पाणी तेवढं मोरीजवळच्या अळवाकडे सोडायचं.

दिवाळीनंतर बागेनं जोर धरला. भागिरथीबाई शेतातून येताना साड्यांवरून आत डोकावायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. पण एकदा त्यांनी स्वतःहून चार काड्या कोथिंबीर मागितली, तेव्हा अश्विनीला दिवसभर गुणगुणावंसं वाटलं. त्या भरात तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदा भोगीची भाजी घरच्या बागेतली करायची, बाजारातून काडीसुद्धा आणायची नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या की बघू, नाहीतर पारनेरचा बाजार कुठं पळून चाललाय.

आणि मग ती पडली.

पौषाच्या तोंडावर कांद्याची लागवड सुरू झाली होती. भागिरथीबाई उजाडायच्या आत भाकरी बांधून बायकांबरोबर शेतात जायच्या. योगेश बंब पेटवायचा, बादलीतल्या कढत पाण्याला विसण घालून ठेवायचा, मुलांना आंघोळीचं सांगायचा आणि दुधाच्या वेळेला केंद्रावर पळायचा. न्हाणीत नंदूनं आपली आंघोळ करायची आणि समर्थलाही घालायची, असं ठरलं होतं. परसात जायचं नाही, हेही योगेशनं दोघांना दटावून सांगितलं होतं, कारण बायको तिथंच पडलेली.

अश्विनीची खाट पुढच्या पडवीत होती. तिथून रस्ता दिसायचा, चिंच दिसायची, शाळेचे पत्रे दिसायचे. बाग मात्र घराच्या पार मागे. ती खाटेवर बसून परातीत कणीक मळायची, लसूण सोलायची, मजुरीच्या बायकांसाठी भाजी चिरून द्यायची. बसल्या जागी करता येईल ते सगळं करायची, तरी घरातले सगळे पळत असताना आपण एकट्याच पाय पसरून बसलोय हे तिला खुपायचं. पाईपचं तिनं योगेशला विचारलं. तो उद्या बघतो म्हणाला. आणखी दोन-तीनदा विचारल्यावरही तो उद्याच बघणार होता. त्याचंही खोटं नव्हतं, केंद्रावरून आला की तो थेट कांद्याच्या रानात पाणी धरायला जायचा. मग तिनं विचारायचं सोडून दिलं.

एका संध्याकाळी केडगावहून तिच्या आईचा फोन आला. बोलता बोलता बागेचा विषय निघाला आणि अश्विनीचा बांध फुटला. सगळं वाळून गेलं असेल गं, माझी बाग गेली, असं म्हणून ती फोनवरच रडली. खाटेच्या पायथ्याशी नंदू पाढे लिहीत बसली होती. तिनं मान वर केली नाही. अश्विनीला वाटलं, पोरीचं लक्ष नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक बदल झाला. आंघोळीचं नाव काढलं की खाटेखाली जाऊन बसणारा समर्थ सकाळी उठल्या उठल्या आंघोळीला निघायला लागला. घराच्या मागून पाण्याचा आवाज यायचा, खिदळणं ऐकू यायचं, आणि थोड्या वेळानं दोघं लालबुंद होऊन, केस निथळत पडवीत यायची. अश्विनीला बरं वाटलं. न्हाणीच्या दारातून बागेत जरा डोकावून ये गं, असं ती नंदूला सांगायची, तेव्हा नंदू नुसतं ‘चांगली हाय’ म्हणायची आणि दप्तर भरायला लागायची. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून पोर असं बोलते, अशी अश्विनीची समजूत झाली. मध्ये एकदा समर्थचं नाक वाहायला लागलं, तेव्हा भागिरथीबाईंनी त्यानं खाल्लेल्या पेरूला दोष दिला आणि त्याला आलं-तुळशीचा काढा पाजला.

भोगी त्या वर्षी रविवारी आली. भागिरथीबाईंनी लागवडीच्या बायकांना सुट्टी दिली होती. पहाटेच त्यांनी अंगण सारवलं, तीळ भाजले, बाजरीचं पीठ चाळून ठेवलं. मग त्या खाटेजवळ आल्या आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या की योगेशला गाडीवरून पारनेरला पाठवते, वांगी-गाजर-वाटाणा सगळं एकदमच आणू दे. अश्विनीनं मान हलवली. पिशवी घेऊन योगेश गाडीला किक मारणार, एवढ्यात नंदू आडवी आली. पप्पा, भाजी आणू नका, ती आपल्या बागेत आहे, असं तिचं म्हणणं. योगेशला घाई होती. त्यानं तिला बाजूला केलं, तर ती जाऊन आईच्या खाटेला चिकटून उभी राहिली.

“मम्मी, तू एकदा बघ तरी,” ती म्हणाली.

अश्विनीला त्या वाळलेल्या वाफ्यांकडे बघायचंच नव्हतं. पण पोरीच्या आवाजात काहीतरी असं होतं की तिला नाही म्हणवेना. जायचं कसं, हा प्रश्न भागिरथीबाईंनी सोडवला. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, सुनेला तिच्यात बसवलं, एका बाजूनं योगेशला धरायला सांगितलं आणि दुसऱ्या बाजूनं स्वतः धरली. आई, तुम्ही नका उचलू, असं अश्विनी म्हणेपर्यंत खुर्ची उचललीही गेली होती. कांद्याच्या गोण्या उचलणारे हात ते. पुढे समर्थ, त्याच्यामागे हलत-डुलत खुर्ची, खुर्चीच्या मागे भाजीसाठी रिकामी पाटी घेऊन नंदू, अशी ती मिरवणूक घराला वळसा घालून निघाली. मोडका पाय समोर ताठ धरून बसलेल्या अश्विनीला लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं.

नंदूनं पुढे होऊन अंजिरी लुगडं बाजूला सारलं.

गाजराचा वाफा भरून आला होता. पाला इतका दाट की त्यात हात घातला तर दिसेनासा व्हावा. मुळे तर मातीतून खांदे वर काढून उभे होते. वांग्याच्या झाडांना फळांचा भार झालेला, टोमॅटो वरून लाल आणि खाली अजून हिरवे. मेथी थोडी हाताबाहेर गेली होती, तिला फुलं आली होती. मांडवावर पावटा लोंबत होता, आणि ज्या फांदीसाठी ती स्टुलावर चढली होती ती फांदी आपली आपणच मांडवावर जाऊन बसली होती. एक कोपरा मात्र पार वाळून गेला होता. तिथला वाटाणा नुसत्या पिवळ्या काड्या होऊन उभा होता.

अश्विनीनं एकेक वाफा बघून घेतला. मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली की अहो, सांगितलं का नाही मला? आपण तर इकडे फिरकलोसुद्धा नाही, आपल्याला वाटलं आई पाणी घालत असेल, असं योगेश म्हणाला. भागिरथीबाईंनी हात झटकले. त्या अंधारात जाणार, अंधारात येणार. त्यांना वाटलं होतं, लेकानंच पाईप जोडला. तिघांनीही पाईपकडे बघितलं. तो जसा मोडला होता तसाच पडलेला होता, तोंडात माती गेलेली.

मग अश्विनीच्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. टोमॅटोच्या वाफ्यात मधोमध शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवलेला होता. तसाच चौकोनी ठसा मुळ्याच्या वाफ्यात उमटलेला होता, गाजरातही होता. आणि सगळीकडे इवल्या पावलांच्या खुणा. नंदू पाटी छातीशी धरून जमिनीकडे बघत होती. तिनं काही सांगायच्या आतच समर्थनं स्वेटर काढून पावट्याच्या मांडवाला अडकवला, सदरा काढला, आणि चड्डीवर त्या फरशीच्या तुकड्यावर जाऊन उभा राहिला.

“आज टमाट्यात,” तो म्हणाला. “पाणी आणा.”

आणि मग भागिरथीबाई मटकन बांधावरच्या दगडावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी अश्विनीला वाटलं, त्यांना काही झालं. पण त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. या घरात आल्यापासून अश्विनीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या हसल्या म्हणून नंदूला धीर आला. रागावणार नाही ना, असं तिनं आधी विचारून घेतलं आणि मग सगळं सांगितलं. मम्मी फोनवर रडली होती. पाईप मोडला होता आणि तो तिला जोडता येत नव्हता. बादली उचलत नव्हती. परसात जायचं नाही असं पप्पांनी सांगितलं होतं, पण न्हाणीत जायचं नाही असं काही म्हणाले नव्हते, आणि न्हाणीचं मागचं दार बागेतच उघडत होतं.

“पाणी वाफ्यात येत न्हाई, तर मग आपनच वाफ्यात जायचं,” ती म्हणाली.

दाराशी पडलेला फरशीचा तुकडा तिनं ओढत आणला होता, समर्थचे पाय चिखलात बुडू नयेत आणि रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून. विसणाची बादली दारातच राहायची, तिथून ती तांब्यानं पाणी आणायची आणि वाफ्यात उभ्या असलेल्या भावाच्या डोक्यावर ओतायची. मग तो तिच्या डोक्यावर ओतायचा, बराचसा खांद्यावर आणि थोडासा तिच्या नाकात. रोज एक वाफा. आज मुळा, उद्या गाजर, परवा वांगी. साबण मात्र वाफ्यात लावायचा नाही, कारण साबणाच्या पाण्यानं कोवळी रोपं करपतात हे आईनंच पावसाळ्यात सांगितलेलं. म्हणून साबण लावायला दोघं न्हाणीच्या मोरीजवळच्या अळवात जायची. अळवाला काही होत नव्हतं, उलट त्याची पानं समर्थच्या छातीला लागत होती. वाटाण्याच्या वाफ्यातही त्यांनी एकदा आंघोळ केली होती. पण तिथं तांबड्या मुंग्या निघाल्या आणि त्या समर्थला नको तिथं चावल्या. त्यानंतर तो त्या वाफ्यात गेला नाही, आणि वाटाणा वाळला.

योगेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो मोडक्या पाईपपाशी जाऊन उकिडवा बसला, तोंडातली माती काडीनं काढायला लागला आणि आजच्या आज जोडून टाकतो म्हणाला. ते ऐकताच फरशीवर उभ्या समर्थनं भोकाड पसरलं. पाईप जोडला तर मग तो आंघोळ कुठं करणार? अखेर त्याला शब्द द्यावा लागला की पाईप जोडला तरी आंघोळ वाफ्यातच होईल, निदान उन्हाळा संपेपर्यंत. तेव्हा कुठं तो गप्प झाला आणि पुन्हा पाणी मागायला लागला. नंदूनं तांब्या आणला. टोमॅटोतली त्या दिवशीची आंघोळ सगळ्यांच्या देखत झाली.

मग काढणी सुरू झाली. अश्विनी खुर्चीत बसून सांगत होती आणि मुलं वेचत होती. पावट्याची शेंग बोटांनी दाबून बघायची, आत दाणा टणक लागला तरच तोडायची. टोमॅटो देठासकट तोडायचा. मिरची ओढायची नाही, नखानं खुडायची, आणि खुडल्यावर डोळ्यांना हात लावायचा नाही. नंदू ऐकत होती आणि पाटीत एका बाजूला शेंगा, एका बाजूला टोमॅटो असं मांडत होती. समर्थला ऐकायला वेळ नव्हता. त्याचं गाजरांवर मन बसलं होतं. पाला दोन्ही हातांनी धरून तो मागे झुकायचा, गाजर सुटलं की धपकन खाली बसायचा, गाजर वर धरून दाखवायचा आणि पुढच्याला हात घालायचा. एक गाजर दोन पायांचं निघालं. ते गाजर चालतं का, हे बघायला त्यानं ते बांधावर उभं करून ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.

मुळा मात्र त्याच्यानं निघेना. नंदू मदतीला आली, तरी निघेना. भागिरथीबाईंनी पदर खोचला आणि नातवंडांच्या हातांवर आपले हात ठेवून जोर लावला. मुळा एकदम सुटला आणि तिघंही एकमेकांवर जाऊन पडली. योगेश पाईप टाकून धावला. तोवर आजीच्या मांडीवर मुळा, मुळ्यावर समर्थ आणि सगळ्यांच्या अंगावर माती, अशी ती बसल्या बसल्याच पुढचा मुळा कुठला काढायचा ते ठरवत होती.

वांग्यांपाशी काम अडलं. देठाला काटे म्हणून नंदूनं कात्री आणली होती. तिनं चार वांगी कापली आणि पाचव्याला कात्री लावली, तसा समर्थ मध्ये येऊन उभा राहिला. ते वांगं सगळ्यात मोठं होतं, जांभळं, पांढऱ्या रेघांचं. त्याचं नाव ढब्बू होतं आणि ते कापायचं नाही, असं त्यानं जाहीर केलं. आंघोळीच्या वेळी त्यानं रोज ढब्बूच्याही डोक्यावर पाणी घातलं होतं. योगेशनं समजावलं, नंदूनं दुसरं वांगं देऊ केलं, पण तो हलेना. अश्विनी काही बोलणार, इतक्यात भागिरथीबाई पुढे झाल्या. त्यांनी वाकून ते वांगं निरखलं, हातानं तोलून बघितलं, आणि नातवाला सांगितलं की त्याचं बरोबर आहे. चांगलं वांगं कापायचंच नसतं, ते बियाला ठेवायचं असतं. झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग त्याच्या पोटात बी पिकतं आणि पुढच्या पावसाळ्यात ढब्बूची पोरं होतात. खूण म्हणून त्यांनी लुगड्याच्या काठातून एक लाल दोरा ओढून काढला आणि त्याच्या देठाला बांधायला समर्थला दिला. त्यानं गाठ मारली ती सुटली, मग नंदूनं मारली. त्यानंतर तो आजीकडे आणखी दोरे मागायला लागला. दोन गाजरांना आणि एका मिरचीलाही बांधून झाल्यावर आजीनं पदर आवरून घेतला.

ऊन वर आलं होतं. पाटी भरली, बादली भरली, योगेशच्या पारनेरला जाणाऱ्या पिशवीतही पावटा भरला. आता मला आत न्या, असं अश्विनी म्हणाली. पण भागिरथीबाईंचा विचार वेगळा होता. भोगीला डोक्यावरून न्हायचं असतं. अश्विनीचं प्लास्टर झाल्यापासून नीट न्हाणं झालंच नव्हतं, ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची एवढंच. घरी तिला न्हाणीत बसवायचं तर दार अरुंद, खुर्ची आत जात नव्हती. इथं खुर्ची होती, ऊन होतं, चारी बाजूंनी साड्यांचा आडोसा होता. त्यांनी योगेशला बंबातलं कढत पाणी आणायला लावलं आणि आणून झाल्यावर त्याला बाहेर घालवलं. चुलीवर सकाळीच उकळून ठेवलेली शिकेकाई नंदूकरवी मागवली.

अश्विनी संकोचली. आई, राहू द्या, माझं मी करेन कधीतरी, असं ती म्हणाली. भागिरथीबाईंनी खुर्ची वांग्याच्या वाफ्याकडे वळवली, प्लास्टरच्या पायावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला आणि सुनेची वेणी सोडायला सुरुवात केली.

“तुझी दोनी बाळंतपनं म्हायेरी झाली,” त्या म्हणाल्या. “माज्या हातानं तुला न्हाऊ घालायचं राहूनच गेल्तं.”

अश्विनीनं मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. गरम पाणी कपाळावरून केसांत गेलं. सासूची बोटं कांद्याच्या रोपांनी आणि मातीनं खरबरीत झालेली होती. तीच बोटं आता तिच्या टाळूवर सावकाश फिरत होती. शिकेकाईचा वास मातीच्या वासात मिसळला. पाणी केसांवरून निथळून वाफ्यात पडत होतं आणि नंदू हाताच्या बोटानं मातीत रेघ ओढून ते प्रत्येक वांग्याच्या बुडाशी पोचवत होती. शिकेकाईनं रोपाला काही होत नाही, असं आजीनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. डोळे मिटलेले असताना अश्विनीला रडू आलं, पण पाणी चेहऱ्यावरून वाहतच होतं, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. खूप दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. खाटेवर पडून ती जे गेलं म्हणून रडत होती, ते तिच्याच दोन पोरांनी तिच्याच शब्दांवर जगवून ठेवलं होतं.

दुपारी भोगीचा स्वयंपाक झाला. वांगी, गाजर, पावटा, कोवळ्या शेंगा, मुळ्याच्या चकत्या, वरून तिळाचं कूट. तीळ लावून थापलेल्या बाजरीच्या भाकरी भागिरथीबाईंनी भाजल्या आणि अश्विनीनं खाटेवर बसून त्यांना लोणी लावून दिलं. वाटाणा नव्हता, त्याची आठवण कुणी काढली नाही, समर्थनंच एकदा मुंग्यांना शिव्या दिल्या. एरवी भाजीतली वांगी ताटाच्या कडेला सारणारा तो, आज आधी नंदूला विचारून घेत होता की या फोडींत ढब्बू नाही ना. नाही म्हटल्यावर त्यानं दोन फोडी खाल्ल्या, तिसरी आजीच्या ताटात ठेवली आणि हातात अर्धी भाकरी धरूनच योगेशच्या मांडीवर झोपून गेला.

ऊन कलताना शेजारच्या मुक्ताबाई हरभऱ्याचा डहाळा आणि ओंजळभर बोरं घेऊन आल्या. उद्याच्या सुगडासाठी त्या दर वर्षी आणून द्यायच्या. भागिरथीबाईंनी त्यांना बसवलं, चहा ठेवला, आणि सकाळची हकिकत सांगायला घेतली. कशी पोरं वाफ्यात आंघोळ करत होती, कसा मुळा निघेना. सांगताना मुळा मांडीएवढा झाला आणि समर्थच्या मुंग्यांचं वारूळ झालं. मुक्ताबाईंना काही ते पटेना. दोन पोरांच्या आंघोळीवर एवढी भाजी कशी येईल, असं त्यांचं म्हणणं.

“लई नादी पोरं हायेत,” भागिरथीबाई म्हणाल्या. “आईवर गेल्यात.”

आणि त्या उठून मुक्ताबाईंना मागे घेऊन गेल्या. अश्विनी पडवीत केस मोकळे सोडून बसली होती. तिला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. सासूबाई एकेक वाफा दाखवत होत्या, कशात काय लावलंय, कोणत्या महिन्यात लावलंय, दगड कुठून कुठवर वेचले. अश्विनीला वाटलं होतं की त्या साड्यांवरून नुसतं बघून पुढे जातात. पण त्यांना सगळं माहीत होतं. थोड्या वेळानं दोघी पदरात गाजरं घेऊन परत आल्या. मुक्ताबाई एक गाजर पुसून कचाकच खात होत्या. त्यांनी अश्विनीला विचारलं की पावसाळ्यात आमच्या परसात एक-दोन वाफे करून देशील का, आमच्या सुनेची पोरं वाफ्यात आंघोळ करतील की नाही सांगता येत नाही, पण करून बघू.

अश्विनी म्हणाली की पाय बरा झाला की येते. नंदू म्हणाली की तीही येईल, फरशीचा तुकडा घेऊन.